मोजणारे आणि मोजले जाणारे

चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्याची जमाबंदी पुरी करून मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ साली आपला अहवाल मध्यप्रांताच्या सरकारला सादर केला, तेव्हा वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या त्या अफाट मुलखाचे, तेथील जमीनदाऱ्यांचे, तलावांचे, जातिजमातींचे आणि रीतिरिवाजांचे जे वर्णन सरकारी दप्तरात दाखल झाले, ते दीडशे वर्षांनंतरच्या अभ्यासकालाही उपयोगी पडावे इतके तपशीलवार आहे. मात्र ज्यांच्याविषयी हा अहवाल लिहिला गेला त्यांच्यासाठी तो लिहिलेला नव्हता. कोणत्या गावावर किती सारा बसवावा, मालगुजारीचा हक्क कोणाचा मानावा, कोणते जंगल सरकारी म्हणून राखावे आणि कोणते रयतेच्या वापराला मोकळे ठेवावे, हे ठरविण्यासाठी सरकारला जी माहिती हवी होती ती त्यात होती. त्यानंतरच्या प्रत्येक बंदोबस्तात आणि दर दहा वर्षांच्या खानेसुमारीत ही माहिती वाढत गेली. गावाच्या चराईचे, सरपणाचे, घरबांधणीच्या लाकडाचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात नोंदले गेले. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपुष्टात आली, तेव्हा त्याच रिवाजांची ‘निस्तार’ या नावाने नवी पत्रके तयार झाली. हे सारे कागद तहसील कचेरीत होते. ज्या गोंड, माडिया, कोलाम किंवा ढीवर कुटुंबाचे त्या कागदात हक्क लिहिले होते, ते कुटुंब जंगलातून एखादे लाकूड आणताना पकडले गेले, तर आपल्या बाजूचा दाखला कोठे आहे हे त्याला ठाऊक नसे, आणि ज्याला ठाऊक असे त्याला तो दाखविण्याचे काही कारण नसे.

समाजाचा शास्त्रीय अभ्यास केल्याने समाज सुधारतो काय, हा प्रश्न विद्यापीठांच्या परिसंवादांत नेहमी चर्चिला जातो आणि बहुधा सदिच्छेने ‘होय’ असे म्हणून सोडून दिला जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा प्रदेश असा आहे की तेथे या प्रश्नाचे उत्तर केवळ सदिच्छेने देण्याची गरज उरत नाही. कारण गेल्या ऐंशी वर्षांत निरनिराळ्या रीतींचे सामाजिक संशोधन येथे आणि येथील सीमेला लागून घडून आले आहे, त्यांपैकी काहींनी माणसांचे जिणे खरोखर पालटले, काही कागदावरच राहिले, आणि काहींनी जे दिले ते एका पिढीनंतर हातचे निसटून गेले. हा फरक कशामुळे पडला, याचा शोध घेणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. त्या आदिलाबादच्या डोंगरांत कुमरम भीम या गोंड तरुणाने जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी निजामाच्या सत्तेविरुद्ध उठाव केला आणि १९४० साली जोडेघाट येथे तो पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. उठाव मोडून काढल्यावर निजाम सरकारला तो का झाला हे समजून घेण्याची निकड भासली, आणि त्यासाठी त्याने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची योजना केली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हायमेनडॉर्फ यांच्या हालचालींवर निर्बंध आले होते आणि हैदराबादच्या हद्दीतच त्यांना राहावे लागत होते. त्या सक्तीच्या वास्तव्याचा त्यांनी असा उपयोग केला की, पत्नी एलिझाबेथ यांच्यासह मारलवाई नावाच्या गोंड खेड्यात मुक्काम ठोकून त्यांनी गोंडांची कुळी, देवदेवता, पाटील-पटवाऱ्यांचे व्यवहार आणि जमिनी कशा हातच्या गेल्या याची बारीक नोंद केली. परिणाम प्रत्यक्ष दिसून आला. मारलवाईला गोंडी शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले, गोंडी वाचनपुस्तके तयार झाली, गोंड आणि कोलाम कुटुंबांना मोठ्या प्रमाणावर जमिनीचे पट्टे मिळाले, आणि १३५६ फसलीचा आदिवासी क्षेत्र विनियम अमलात येऊन जमिनीचे व्यवहार व तंटे यांसाठी वेगळी व्यवस्था उभी राहिली.

एका विद्वानाच्या अभ्यासातून एवढे भले झाल्याची उदाहरणे भारताच्या इतिहासात फार नाहीत, आणि हायमेनडॉर्फ दांपत्याविषयी आदिलाबादच्या गोंडांमध्ये आजही जो आदर आहे तो सर्वस्वी योग्य आहे. एलिझाबेथ यांची समाधी मारलवाईलाच आहे. तथापि या कथेचा उत्तरार्धही हायमेनडॉर्फ यांनीच लिहून ठेवला आहे. सत्तरच्या दशकात ते पुन्हा त्या मुलखात आले, तेव्हा पट्टे मिळालेल्या कितीतरी कुटुंबांच्या जमिनी बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या आणि सावकारांच्या ताब्यात गेल्याचे त्यांना आढळले, आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ते स्पष्टपणे, मोठ्या खेदाने मांडले. अभ्यास खरा होता, हेतू शुद्ध होता, कायदाही चांगला होता. परंतु ज्ञानाचा सारा व्यवहार विद्वान आणि दरबार या दोघांमध्ये झाला होता. दरबार गेला, विद्वान लंडनला परतले, आणि मग त्या कायद्याची ढाल हाती घेऊन उभा राहू शकेल असा संघटित समाज मागे नव्हता. माझ्या मते या एका घटनेत आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग सामावलेला आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, आणि चार वर्षांनी, १९८६ च्या अखेरीस, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. अभय बंग यांना संशोधनाचे सामाजिक सामर्थ्य त्यापूर्वीच अनुभवास आले होते. वर्ध्याच्या परिसरात काम करताना, रोजगार हमीच्या मजुरांचे किमान वेतन ज्या समितीच्या हिशेबावर ठरले होते त्या पागे समितीने मजुराला लागणाऱ्या अन्नाचाच हिशेब कमी धरला आहे, हे त्यांनी सप्रमाण दाखवून दिले, आणि चार रुपयांची मजुरी पुढे बारा रुपयांवर गेली. मोर्चांना जे साधत नव्हते ते एका निबंधाने साधले. असे असूनही गडचिरोलीत आल्यावर त्यांनी हाती घेतलेला पहिला विषय, सिकलसेल या रक्तविकाराचा, शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा असला तरी लोकांच्या मनातला नव्हता. त्याचे निष्कर्ष निघाले, वृत्तपत्रांत आले, पण खेड्यातल्या माणसाच्या जगण्यात त्यामुळे काही फरक पडला नाही. बंग यांनी आपल्या व्याख्यानांतून ही गोष्ट स्वतःच अनेकदा सांगितली आहे, आणि संशोधकाने आपल्या कुतूहलाला लोकांची गरज समजू नये हा धडा त्यांनी त्यातून घेतला.

त्याच सुमारास राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच कल्पना त्या वेळी सरकारी योजनांमध्ये आणि जागतिक संस्थांमध्येही रूढ होती. या स्त्रियांपैकी शेकडा ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा आठच होत्या. हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या आरोग्यनीतीत त्याचे पडसाद उमटले. पण त्याआधी, ज्या स्त्रिया आपल्या देहाविषयी आयुष्यात प्रथमच कोणाशी मोकळेपणाने बोलल्या होत्या, त्यांच्यासमोर तो निष्कर्ष त्यांच्याच बोलीत मांडला गेला, आणि आपले दुखणे हे आपल्या एकटीच्या नशिबाचे नसून गावातील बहुतेक सर्व बायकांचे आहे हे त्यांना उमगले. लज्जेच्या आवरणाखाली पिढ्यान्‌पिढ्या मूकपणे सोसलेले दुःख मोजले गेल्यामुळे बोलण्याजोगे झाले, ही घटना मला त्या निबंधाच्या जागतिक कीर्तीइतकीच मोलाची वाटते.

दारूचा प्रश्न याच स्त्रियांनी पुढे आणला. तुम्ही कोणत्याही रोगाविषयी विचारा, गावातल्या बाया शेवटी दारूवर येत. नवरा पितो, धान विकून पितो, मारतो, पोरांच्या तोंडचे काढून पितो. मग दारूचा अभ्यास झाला आणि त्यात गावोगावचे लोक माहिती देणारे म्हणूनच नव्हे तर माहिती गोळा करणारे म्हणूनही सामील झाले. कोण पितो, किती पितो, दुकान कोठे आहे, हातभट्टी कोणाची, पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, याचा हिशेब जुळविल्यावर जो आकडा निघाला तो असा की, जिल्ह्यात दारूवर वर्षाकाठी सुमारे २० कोटी रुपये खर्च होत होते, आणि जिल्ह्याच्या विकासाची सरकारी वार्षिक योजना सुमारे १४ कोटींची होती. एका हाताने सरकार जे देत होते त्याहून अधिक दुसऱ्या वाटेने जात होते, हे कोणत्याही भाषणाशिवाय प्रत्येकाला समजले. आकड्यांत हे सामर्थ्य असते. पण ते तेव्हाच प्रकटते जेव्हा तो आकडा ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या घराशी जुळतो, आणि येथे तो प्रत्येक घराशी जुळत होता. शेकडो गावांनी ठराव केले, दारूमुक्तीसाठी जिल्ह्याची संघटना उभी राहिली, गावांनी आपल्या भट्ट्या आपण मोडल्या, आणि सहा वर्षांच्या खटपटीनंतर १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात शासनाने दारूबंदी लागू केली.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचा इतिहास याहून वेगळ्या वळणाने गेला. तेथे श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली २०१० च्या डिसेंबरात हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत गेल्या. त्यानंतर तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने बंदीच्या बाजूने शिफारस केली, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. सहा वर्षांनी निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने बंदीचे दुष्परिणाम नोंदविले, आणि २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठविली. एकाच जिल्ह्यासंबंधी, एका दशकाच्या आत, दोन समित्यांचे दोन उलट निष्कर्ष निघाले. याचा अर्थ सामाजिक अभ्यास हा कोणालाही हवा तसा वाकविता येतो असा काढणे सोपे आहे, परंतु ते खरे नव्हे. पहिल्या समितीपुढचा प्रश्न दारूने घरांचे काय होते हा होता. दुसऱ्या समितीपुढे अवैध विक्री, गुन्हे आणि बुडालेला महसूल हे प्रश्न ठळक होते. जो प्रश्न विचारावा त्याचेच उत्तर मिळते. म्हणून प्रश्न कोणी ठरविला हे आधी पाहिले पाहिजे. गडचिरोलीत तो गावांनी ठरविला होता आणि बंदीनंतरही त्याची राखण गावे करीत राहिली, २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाच्या रूपाने तिला पुन्हा बळ मिळाले. चंद्रपुरात मोर्चा स्त्रियांचा होता, पण त्यानंतरचा विचारविनिमय बव्हंशी समित्यांच्या दालनांत झाला. गडचिरोलीतही चोरटी दारू येते, हे तेथील कोणीही नाकारणार नाही. तरीही बंदी उठवा अशी मागणी तेथील गावांनी केलेली नाही, उलट ती टिकावी म्हणून ठराव केले आहेत, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

नवजात बालकांच्या मृत्यूंविषयी ‘सर्च’ने केलेल्या कामाचा उल्लेख येथे थोडक्यात करतो, कारण तो वैद्यकाचा विषय आहे आणि त्याची माहिती मराठी वाचकाला पुष्कळशी आहे. ३९ खेड्यांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविण्यात आले, ४७ खेडी तुलनेसाठी ठेवण्यात आली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. आज देशभरच्या आशा सेविका बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन आणि ताप पाहतात, त्या पद्धतीचा उगम या खेड्यांत आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने त्यातील मर्म असे की, अंधाऱ्या खोलीत, परक्या नजरेपासून दूर ठेवल्या जाणाऱ्या बाळंतिणीजवळ डॉक्टर पोहोचू शकत नव्हता, गावची बाई पोहोचू शकत होती. आणि हे कळण्यासाठी रुग्णालय सोडून त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन, तेथले रिवाज तुच्छ न मानता समजून घेणे भाग होते.

आता मी ज्या गावाकडे वळतो, तेथे संशोधन बाहेरून आलेल्या विद्वानाच्या हातून सुटून गावाच्या हाती गेले. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, कठाणी नदीच्या परिसरात, लेखा गावाशेजारी मेंढा नावाचे गोंडांचे छोटेसे गाव आहे. लोकवस्ती पाचशेच्या आतबाहेर. १९८४ च्या सुमारास इचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांना विरोध करणारे ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन या मुलखात उभे राहिले, बाबा आमटे आणि लालश्याम शाह यांच्यासारखी माणसे त्यात होती, आणि त्या आंदोलनाच्या निमित्ताने आदिवासी गावांमध्ये आपल्या जंगलाविषयी, आपल्या राज्याविषयी जी चर्चा सुरू झाली तिच्यातून मेंढ्याचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल यांची गाठ पडली. जयप्रकाशांच्या आंदोलनात तावून निघालेले, आपल्या नावात आईचे आणि वडिलांचे नाव जोडणारे मोहनभाऊ ‘वृक्षमित्र’ या संस्थेच्या वतीने जंगल आणि लोक यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करीत होते, आणि तो लोकांना सोबत घेऊन करावयाचा असा त्यांचा निश्चय होता. २०२५ च्या जानेवारीत ते निवर्तले. त्यांनी आणि देवाजींनी मिळून रुजविलेली ‘अभ्यासगट’ ही साधी दिसणारी संस्था ही, माझ्या समजुतीप्रमाणे, महाराष्ट्राने सामाजिक संशोधनाच्या पद्धतीत घातलेली मोलाची भर आहे.

अभ्यासगटाची रीत अशी. गावातील ज्यांना एखाद्या विषयात रस आहे ते, आणि त्या विषयाचे जाणकार असे बाहेरचे एखाददुसरे, एकत्र बसतात आणि बोलतात. तेथे कोणताही निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने, एकाचाही विरोध शिल्लक असेल तर पुढच्या बैठकीवर ढकलून. शिकणे आणि ठरविणे या दोन क्रिया अशा वेगळ्या ठेवल्यामुळे दोन्ही निर्भयपणे होतात. अभ्यासगटात अज्ञान दाखवायला कोणाला संकोच वाटत नाही, कारण तेथे काही पणाला लागलेले नसते. ग्रामसभेत विद्वानाच्या शब्दाचे दडपण येत नाही, कारण तेथे विद्वानाला मत नसते. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाने आपला हेतू ग्रामसभेपुढे मांडावा, असाही तेथे रिवाज पडला. विद्यापीठांतील संशोधनपद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत उत्तरदात्याच्या संमतीवर जी प्रकरणे असतात, त्यांहून हा रिवाज मला अधिक पूर्ण वाटतो.

या गटांनी काय अभ्यासले? पहिल्या काही विषयांत निस्तार हक्क होता. आपल्या आजोबांच्या वेळी जंगलातून काय काय आणण्याची मुभा होती, तिचे लेखी रूप कोठे आहे, ती कोणत्या कायद्याने आणि कोणत्या हुकमाने आकसत गेली, हे गावकऱ्यांनी विचारीत विचारीत शोधून काढले. तहसीलच्या दप्तरात शंभर वर्षे मुका पडलेला कागद त्यांनी स्वतः वाचावयास घेतला. मधाचा अभ्यास झाला. आग्या मोहोळाखाली जाळ करून मध काढण्याच्या जुन्या रीतीत माशा जळतात, झाडाला इजा होते आणि काढणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो, हे ध्यानात घेऊन माशांना न मारता मध काढण्याची पद्धत शिकून घेतली गेली. बांबूचा अभ्यास तर वर्षानुवर्षे चालला, कारण तो पोटाचा प्रश्न होता. गडचिरोलीच्या जंगलातील बांबू १९६० च्या दशकापासून बल्लारपूरच्या कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या कराराने मिळत होता. गावच्या माणसाला टोपलीपुरता बांबू आणताना गुन्हेगार ठरविले जाई, आणि त्याच जंगलातून ट्रक भरून बांबू जाई. तोड कशी होते, कोंब कसे मोडतात, पुन्हा वाढ किती होते, हे गावकऱ्यांनी पाहिले, मोजले, आणि कारखान्याच्या तोडीला विरोध करताना त्यांच्यापाशी हा हिशेब होता.

गोटुलाची हकीगत ही या सर्वांच्या आधीची आणि सर्वांना बळ देणारी आहे. तरुणांच्या शिक्षणाची आणि गावाच्या बैठकीची ही जुनी संस्था मेंढ्याने पुन्हा उभारली, त्यासाठी जंगलातून सागाचे लाकूड आणले, आणि वनखात्याने ते बांधकाम मोडून टाकले. त्यावर परिसरातील गावांची सभा भरली आणि एकाच्या जागी कित्येक गावांत गोटुल उभे राहिले. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर १९४७ साली जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यामुळे जगाला या संस्थेचे कौतुक वाटले. मेंढ्यात त्याच संस्थेच्या छपराखाली ग्रामसभा आणि अभ्यासगट भरू लागले, आणि ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तेथूनच देशभर गेली.

संयुक्त वनव्यवस्थापनाची सरकारी योजना आली, तेव्हा ती उजाड झालेल्या जंगलासाठी होती. मेंढ्याचे जंगल दाट होते म्हणून ते योजनेत बसत नव्हते. ज्यांनी राखले त्यांना वाटा नाही, असा त्या नियमाचा अर्थ निघत होता. गावाने हा मुद्दा लावून धरला आणि अखेर त्यांच्या जंगलाचा योजनेत समावेश झाला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा झाला, १ जानेवारी २००८ रोजी त्याचे नियम अमलात आले, आणि सामूहिक हक्काचा दावा कसा मांडावा याचा विचार देशातील बहुतेक गावे करू लागण्यापूर्वीच मेंढ्याचा दावा तयार झाला. त्या गावाजवळ वीस वर्षांच्या अभ्यासाची शिदोरी होती. जंगलाच्या सीमा, वापराच्या जागा, निस्ताराचे दाखले, ग्रामसभेच्या नोंदी, सारे हाताशी होते. २००९ साली मेंढा आणि मार्दा या दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील असे हे पहिले हक्क. मेंढ्याच्या वाट्याला आलेले जंगल सुमारे १,८०० हेक्टरांचे आहे.

हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू हा वृक्ष गणलेला होता आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याचा होता. वनहक्क कायद्यात मात्र बांबू हे गौण वनोपज आहे असे स्पष्ट लिहिले होते. येथेही गावाने कायद्याचे कलम वाचून, समजून, त्यावर आपले म्हणणे उभे केले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती सोपविण्यात आले. २०१७ मध्ये तर वन कायद्यातच दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या २०१२ च्या पुस्तकात हा सारा प्रवास सविस्तर सांगितला आहे, आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकाने गावाविषयी मराठीत कसे लिहावे याचा तो एक वस्तुपाठ आहे. २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनीही सामूहिक मालकीच्या करण्याचा निर्णय सर्वसहमतीने घेतला. त्याआधीही दीर्घकाळ अभ्यास झाला होता.

मेंढ्याचे अनुकरण सर्वत्र जसेच्या तसे झाले नाही, आणि ते व्हावयासही नको. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा बांबूच्या विक्रीवर गावाने आपली रोजीरोटी उभी केली. परंतु तेंदूपत्ता तोडण्यासाठी झाडे छाटली जातात, जंगलाला आग लावली जाते, आणि तेंदूच्या झाडाला फळ धरू शकत नाही, हे पाहून तेंदूपत्ता तोडावयाचाच नाही असे त्या गावाने ठरविले. ज्या हंगामात या मुलखातील हजारो कुटुंबांच्या हाती वर्षातला मोठा रोख पैसा येतो तो हंगाम एका गरीब गावाने विचारपूर्वक सोडून द्यावा, ही सामान्य गोष्ट नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाने त्यांना असा सल्ला दिला नसता. तो त्यांनी आपल्या जंगलाच्या निरीक्षणातून काढला, आणि बांबूच्या मजुरीचा हिशेब समोर ठेवून तो परवडतो की नाही हेही पाहिले.

आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. देशात दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात एवढे नाहीत असे म्हटले तरी चालेल. कुरखेड्याच्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’सारख्या संस्थांनी या ग्रामसभांना हिशेब आणि लिलाव शिकविले, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी हक्कांच्या अंमलबजावणीची आकडेवारी मांडली, आणि तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभा स्वतः करू लागल्यावर मजुरीचे दर कसे वाढले हे साऱ्यांनी पाहिले. त्यानंतर तेंदूपत्त्याच्या बाजारात आलेल्या मंदीत मात्र ठेकेदारांनी लिलावाचे पैसे थकविले, काही ग्रामसभांची रोजकीर्द आणि खतावणी कोणालाच उलगडेना, काही ठिकाणी गावातलेच चार जाणते ग्रामसभेच्या नावाने कारभार करू लागले. एटापल्लीच्या सुरजागड डोंगरावर लोहखनिजाची खाण सुरू झाली आणि त्याविरुद्ध इलाक्यांतील ग्रामसभांनी केलेले ठराव सरकारदरबारी मानले गेले नाहीत. हक्काचा कागद हाती आला की सर्व प्रश्न मिटतात अशी ज्यांची समजूत होती, त्यांना या घटनांनी निराश केले असेल. मला त्या निराशेपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, यांतील प्रत्येक अडचणीवर उपाय शोधावयाचा तर पुन्हा अभ्यासगटाकडेच यावे लागते: ठेक्याच्या करारनाम्यात कोणते कलम राहून गेले, पुढच्या वर्षी कोणते घालावयाचे, हिशेब कोणी लिहावा आणि कोणी तपासावा.

सर्वांत निकडीचा प्रश्न मात्र नव्याने उभा राहिला आहे. ब्रह्मपुरी वनविभागात आणि ताडोब्याच्या भोवतालच्या जंगलात वाघांची संख्या वाढली, वाघ वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत आले, आणि चैत्रात पहाटे मोह वेचायला, वैशाखात तेंदूपत्ता तोडायला, पावसाळ्यात गुरे चारायला जंगलात जाणारी माणसे त्यांच्या हल्ल्यांत मरू लागली. २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळपही गडचिरोलीत आला आहे. वाघांची मोजणी जंगलात कॅमेरे लावून, अतिशय काटेकोर शास्त्रीय पद्धतीने होते, आणि ती तशीच झाली पाहिजे. पण मोह वेचणारी बाई किती वाजता निघते, कोणत्या वाटेने जाते, किती जणी सोबत असतात, वाकून वेचताना तिची नजर कोठे असते, एका दिवसाच्या मोहावर तिच्या घरचे किती दिवस निघतात, आणि तो दिवस चुकविण्याची मोकळीक तिला आहे की नाही, याची मोजणी त्याच काटेकोरपणे व्हावी अशी अपेक्षा मी वनखात्याकडून, विद्यापीठांकडून आणि सर्वप्रथम ग्रामसभांकडून करतो. २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ या दोन जिल्ह्यांसाठीच आहे. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या आया आणि आज्या याच पहाटवाटांनी जातात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, आरमोरी या तालुक्यांतील गावांनी आपापले अभ्यासगट बसवून, हंगाम संपल्यानंतरच्या दिवसांत, ही माहिती गोळा करावी, ती आधी आपल्या ग्रामसभेपुढे वाचावी, आणि मगच वनखात्याला द्यावी. ते कसे करावयाचे हे शिकविणारी माणसे धानोऱ्यात आणि गोंडपिपरीत आहेत, आणि ती बोलावल्यास येतात.